चोर बाजारातली 'टॉवर'ची बंदूक आणि एक मार्टिनी: घ्यावी की सोडावी?

नाणेवेडा_दादर

मंडळी, कंपनी सरकारची नाणी आणि पलटणींची पदकं हा माझा मूळ संग्रह. आता मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानात दोन जुन्या लष्करी बंदुका दिसल्या आहेत आणि मन काही केल्या तिथून हटत नाही.

पहिली ठासणीची. नळीवर तीन कडी, लॉकच्या (घोडा-चापाच्या यंत्रणेच्या) पट्टीवर मुकुट, 'टॉवर' अशी अक्षरं आणि १८५९. कॅप (ठिणगी देणारी टोपी) बसवायची निपल गायब आहे, गज आहे. दुसरी मार्टिनी-हेन्री, म्हणजे मागून काडतूस भरायची इंग्रजी रायफल, म्हणून दाखवतात. खाली लांब लीव्हर, उजव्या बाजूला मुकुट, व्ही.आर. (राणी व्हिक्टोरियाची खूण), एनफिल्ड आणि १८८६.

दुकानदाराचं म्हणणं, शंभर वर्षांहून जुना माल आहे, अँटिकला परवाना लागत नाही, आणि एकीला निपलच नाही तर उडणार कुठून. पावतीवर 'जुनी सजावटीची वस्तू' असं लिहून देतो म्हणाला. माझे प्रश्न तीन. कायद्याने चालेल का? माल अस्सल आहे हे कसं ओळखायचं? आणि समुद्राजवळच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात या टिकतील का?

वकीलबुवा

पावतीवर काहीही लिहिलं तरी बंदूक बंदूकच राहते. उलट अशी पावती सापडली तर वस्तू काय आहे हे दोघांनाही ठाऊक होतं आणि लपवायचं होतं, असाच अर्थ निघेल.

'शंभर वर्षं' हे पालुपद येतं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातून. त्या कायद्याने शंभर वर्षं जुनी कलावस्तू 'पुरावस्तू' ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. शस्त्र बाळगायची सूट त्यात कुठेही नाही. बंदुकीला लागू होतो १९५९ चा शस्त्र कायदा. त्याच्या कलम ३ प्रमाणे बंदूक मिळवायला आणि बाळगायला परवाना हवा, मग ती गेल्या वर्षीची असो की पेशवाईतली.

सूट आहे ती कलम ४५ च्या पोटकलम 'सी' मध्ये, आणि तिचे शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. जुन्या घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा नादुरुस्त शस्त्र वगळलेलं आहे, पण केव्हा? जेव्हा ते दुरुस्ती करून किंवा न करता, कशाही रीतीने बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं राहिलेलं नाही तेव्हा. सगळी मेख 'दुरुस्ती करून' या शब्दांत आहे. निपल हा आट्यांनी बसणारा बोटाच्या पेराएवढा तुकडा. नवा बसवला की बंदूक तयार. तुटलेली कमान, हरवलेला घोडा, सुटलेला चाप यांचंही तेच. नळीत शिसं ओतून बंद केली असेल तर शिसं वितळवून काढता येतं. नळीला भोक पाडून त्यावर एम-सील चोपडलेलं असेल तर ते भोक किती मोठं आणि कुठे आहे हे बघावं लागेल. वाद झाला की वस्तू कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत बॅलिस्टिक विभागाकडे जाते. तिथले तज्ज्ञ 'यातून गोळी सुटू शकते का' हे पाहतात, ती किती सुंदर दिसते हे नाही.

यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ पाहून '१८९८ किंवा त्याआधीची असेल तर मोकळी' हे वाक्य आपल्याकडे बरंच फिरतं. ते त्यांच्या १९६८ च्या कायद्यातलं आहे. इंग्लंडमध्ये कालबाह्य कॅलिबरची (नळी-काडतुसाच्या मापांची) वेगळी यादी आहे आणि मार्टिनी-हेन्रीचं काडतूस त्या यादीत येतं. या दोन्ही गोष्टी आपल्या फौजदाराला सांगून उपयोग नाही. तिकडच्या लिलावात ऑनलाइन बोली लावून मागवायचा विचारही सोडा. आयातीला कलम १० खाली वेगळा परवाना लागतो आणि विनापरवाना आयातीची शिक्षा नुसत्या बाळगण्यापेक्षा खूप जड आहे.

शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा: विनापरवाना साधी बंदूक बाळगली तर किमान २ वर्षं, कमाल ५. प्रतिबंधित बोअरची (नळीच्या मापाची) असेल तर किमान ७, कमाल १४. विनापरवाना विकणाऱ्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप, म्हणजे तुमचा दुकानदार तुमच्यापेक्षा मोठ्या खड्ड्यात उभा आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. वारसाने आलेल्याही त्यातच मोजतात. म्हणजे सगळं रीतसर केलं तरी 'संग्रह' दोनावर संपतो.

बारूदखाना

वकीलबुवांनी दार बंद केलंच आहे, पण त्या दोन बंदुका नक्की काय आहेत हे कळल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. नावावर आणि तारखेवर जाऊ नका, मापं घ्या. व्हर्नियर कॅलिपर, छोटा टॉर्च, लोहचुंबक आणि सव्वा मीटर लांबीची १० मिमी जाडीची गोल लाकडी काठी घेऊन जा.

मापं घेण्याआधी ठासणीची बंदूक भरलेली नाही ना ते तपासायचं. हसू नका. घरात टांगलेल्या जुन्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या भरलेल्या सापडतात. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. जुनी झाली म्हणून ती मरत नाही, ओली होऊन वाळली तरी पेट घेते. निपल नसल्यामुळे तर आतला कान (ठिणगी आत जायचं भोक) उघडाच आहे, ठिणगी थेट आत जाईल. नळीचं तोंड कोणाकडे नाही, स्वतःकडेही नाही, अशी बंदूक धरून काठी आत तळापर्यंत हलकेच सोडा. तोंडाशी काठीवर पेन्सिलीने खूण करा. काठी बाहेर काढून नळीला समांतर धरा, खूण तोंडाशी जुळवा आणि काठीचं टोक कुठे येतं ते पाहा. निपलच्या जागेजवळ पोचलं तर नळी रिकामी. ३ ते ५ सेंटिमीटर अलीकडे थांबलं तर आत बार असू शकतो, नाहीतर कचरा किंवा वारुळाची माती. फरक तुम्ही ठरवू नका. लोखंडी गजाने खरवडणं, ड्रिल घालणं, नळीचं मागचं टोक बंद करणारा ब्रीच-प्लग तापवून सोडवणं, हे सगळे अपघाताचे प्रकार आहेत. बंदूक खाली ठेवायची आणि पोलिसांना कळवायचं. बॉम्बशोधक पथक असतंच त्यासाठी.

मार्टिनीत हे सोपं आहे. लीव्हर खाली ओढला की मागचा ब्लॉक खाली जातो आणि काडतुसाची जागा उघडी पडते. टॉर्च मारून बघा.

आता नळीच्या तोंडाचा आतला व्यास. मिलिमीटरमध्ये साधारण असे आकडे येतात: ब्राउन बेस १९, एनफिल्ड १८५३ ची रायफल १४.७, मार्टिनी-हेन्री ११.४, .४१० मस्केट १०.४, थ्री-नॉट-थ्री ७.७. झिजेमुळे थोडं जास्त येईल, कमी येणार नाही. गंज किंवा घाण असेल तिथे माप घेऊ नका. दोन-तीन बाजूंनी घ्या, कारण गजाच्या घर्षणाने तोंड अंडाकृती झालेलं असतं.

मार्टिनीबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगतो. फार जणांची फसगत इथे होते. मार्टिनीच्या सांगाड्यावर नवीन नळी चढवून इंग्रजांनी त्यांच्या थ्री-नॉट-थ्री करून घेतल्या. १८९५ पासून त्यांना मार्टिनी-एनफिल्ड म्हणतात. उजव्या बाजूला राणीचा मुकुट आणि मूळ वर्ष तसंच राहतं. रूपांतराची खूण डाव्या बाजूला असते. इंग्रजी 'एम.ई.' अक्षरं आणि ३०३ हा आकडा शोधा. दुकानदार उजवी बाजूच पुढे करतो.

अस्सल-नकलीचं बघू. टॉवरच्या नावाने शोभेच्या बंदुका राजस्थानात आजही बनतात आणि मुंबईत विकल्या जातात. त्यांचं लॉक ओतीव असतं, पट्टीवर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट. खऱ्या पट्टीवर ठसा मारलेला असतो, त्याच्या कडा झिजल्या तरी तळ सपाट राहतो. स्क्रूच्या खाचा बघा: जुन्या खाचा अरुंद, माथे वाटोळे. एकही चौफुली खाचेचा स्क्रू दिसला तर समजून जा. नळीच्या मागच्या टोकाला लाकडात शिरणारी शेपटी हवी आणि तिच्यावर स्क्रू. नकली नळी म्हणजे पाण्याचा पाइप, आतून शिवण दिसते. पितळी भागांना चुंबक चिकटला तर मुलामा आहे. आणि घोडा अर्धा ओढल्यावर अडकला पाहिजे, मग पूर्ण. शोभेच्या लॉकमध्ये मधला टप्पा बहुधा नसतो.

खैबरकडच्या हातबनावटीच्या मार्टिनी वेगळी जात. त्या चालतात, पण मुकुट वाकडा, इंग्रजी 'एन' उलटा कोरलेला आणि व्ही.आर. च्या खाली १९०१ नंतरचं वर्ष. व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये गेली, तिच्या नावाची रायफल त्यापुढे कोण बनवणार? तसंच कंपनीचा सिंह आणि वर्ष १८५८ नंतरचं असेल तर तो ठसा कोणीतरी अलीकडे मारला आहे. कंपनीचं राज्यच तेव्हा संपलं.

हे सगळं डोळ्यात बसायला काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, पुण्यात राजा केळकर संग्रहालय. खऱ्या लोखंडाचा रंग एकदा नीट बघितला की ॲसिडने काळवंडवलेलं लोखंड वेगळं दिसतं. ॲसिडचा गंज सगळीकडे सारखा पसरतो. खरा गंज हाताच्या पकडीजवळ, लाकडाच्या कडेला आणि स्क्रूभोवती जास्त असतो.

मुलुंडचा_मुसाफिर

वकीलबुवा, थोडं चुकतंय. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्राने स्पष्ट केलंय की क्युरिओ (जुनी, दुर्मिळ संग्राह्य वस्तू) प्रकारातलं लहान शस्त्र मिळवायला आणि बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. मग ठासणीची टॉवर क्युरिओ नाही तर काय?

वकीलबुवा

स्पष्टीकरण खरं आहे आणि ते मांडलंत ते बरं केलंत. पण त्याचं पुढचं वाक्य लोक सोडून देतात. अशा शस्त्राचा वापर करायला, ते बरोबर घेऊन जायला किंवा त्याची वाहतूक करायला योग्य परवाना लागतोच. आणि मालकाच्या परवान्यावर त्याची नोंद नसेल तर त्यासाठी दारूगोळा कोणी विकू शकत नाही.

आता मटन स्ट्रीटवरून दादरला बंदूक येणार कशी? टॅक्सीत आणली तर ती वाहतूक, खांद्यावर आणली तर बरोबर नेणं. नाकाबंदीत डिकी उघडली की तिथेच प्रश्न उभा. दुसरं म्हणजे एखादी वस्तू क्युरिओत बसते हे दुकानदार ठरवत नाही आणि तुम्हीही नाही. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत 'क्युरिओ आणि ऐतिहासिक शस्त्रं' असा चौथा वर्ग आहे, पण मागून भरायची, काडतुसाची रायफल जुनी असली तरी आपोआप त्यात जाऊन बसत नाही. थ्री-नॉट-थ्री तर पहिल्याच वर्गात, प्रतिबंधितात.

म्हणून क्रम असा ठेवा. खरेदीच्या आधी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयात शस्त्र परवाना शाखेला लेखी अर्ज. मुंबईत परवाना देणारे अधिकारी आयुक्तच, जिल्हाधिकारी नाहीत. अर्जाला सगळ्या बाजूंचे फोटो, नळीचा आतला व्यास, एकूण लांबी, सगळ्या खुणा, वस्तू सध्या कुणाकडे आहे ते, आणि दोन स्पष्ट प्रश्न जोडा: ही वस्तू कोणत्या वर्गात येते, आणि अमुक पत्त्यावर न्यायला काय परवानगी लागेल. उत्तर लेखीच घ्या. परवाना लागणारच असं उत्तर आलं तर ऑनलाइन पोर्टलवरून नमुना ए-१ भरायचा. त्यासाठी शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि घरात सुरक्षित ठेवायची सोय दाखवावी लागते. परवाना मिळाला की ५ वर्षं चालतो.

उत्तर येईपर्यंत बयाणाही देऊ नका. बयाणा दिला की तुम्ही खरेदीदार झालात.

नाणेवेडा_दादर

आज जाऊन मापं घेतली. दुकानदार वैतागला, पण घेऊ दिली.

टॉवर: काठी निपलच्या जागेपर्यंत पोचली, म्हणजे रिकामी. तोंडाचा व्यास १६.७ ते १६.८. आत टॉर्च मारला तर खाचा काहीच नाहीत, पूर्ण गुळगुळीत. मागची साइट वर-खाली होत नाही, नुसता एक ठोकळा आहे. नळी फुटपट्टीने ३९ इंच.

मार्टिनी: ७.८. डाव्या बाजूवर ग्रीसचा थर होता. पुसल्यावर 'एम.ई.' आणि ३०३ दिसलं.

टॉवर नकली निघाली का? आणि मार्टिनीचं आता काय?

वकीलबुवा

मार्टिनी विसरा. पुन्हा हात लावायचा नाही, 'फक्त नळी काढून सांगाडा देतो' या सौद्यालाही हो म्हणायचं नाही. कायद्यात शस्त्राच्या भागांनाही शस्त्र म्हणतात. सूट आहे ती किरकोळ भागांना, तीही जुळवून वापरायचा हेतू नसेल तेव्हा.

आणखी एक कलम माहीत असू द्या: कलम ३६. या कायद्याखालचा गुन्हा घडतो आहे हे ज्याला कळलं त्याने जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं आहे, आणि न कळवण्याला सबळ कारण होतं हे दाखवायची जबाबदारी त्याचीच. दुकानदाराला वाटेल माहितीच नव्हतं, असेलही, ग्रीस त्याने लावलं की त्याच्या आधीच्याने कुणास ठाऊक. पण तुम्हाला आता माहीत आहे. एखादा फौजदारी वकील बरोबर घेऊन जा.

बारूदखाना

टॉवर नकली नाही. मला तर ती दुसरीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते, कारण ती इथल्याच इतिहासाची आहे.

१८५३ च्या एनफिल्डमध्ये नळीला आतून गोळीला फिरकी देणाऱ्या तीन खाचा आणि व्यास .५७७ इंच. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींच्या हातात रायफल द्यायचं बंद केलं. त्याच घडणीच्या बंदुका आतून खरवडून गुळगुळीत केल्या, व्यास .६५६ इंच म्हणजे १६.७ मिमी. साइटही साधी ठोकळ्याची केली, कारण गुळगुळीत नळीतून लांबचा नेम कशाला हवा? याला १८५८ चा पॅटर्न म्हणतात. जुन्या नळ्या खरवडल्यामुळे भिंत पातळ झाली, त्या फुगायच्या आणि वाकायच्या. म्हणून लगेच १८५९ चा पॅटर्न आला, त्यात भिंत जाड ठेवली. तुमचा व्यास, गुळगुळीत नळी, ठोकळ्याची साइट आणि ३९ इंच हे सगळं या जोडीशी जुळतं. लॉकवरचं १८५९ हे फक्त लॉकचं वर्ष आहे, नळीचं नव्हे. दोनपैकी कोणती ते तोंडाशी भिंतीची जाडी मोजून आणि नळीवर हात फिरवून अंदाज घेता येईल. कुठे फुगवटा लागला तर १८५८ ची शक्यता जास्त.

निपलची जागा नीट बघा. आट्या शाबूत असतील तर ती वकीलबुवांच्या 'दुरुस्ती करून' मध्ये गेली. आट्या जळून कान मोठा झाला असेल, नळी मागे चिरलेली असेल, तर बॅलिस्टिकवाल्यांचं मत वेगळं पडू शकतं. चीर बघायला निपलच्या जागेभोवती थोडं रॉकेल लावून पुसा, चिरेतून ते परत पाझरताना दिसतं. मात्र सुटेचा फायदा मिळवायला स्वतःच नळी कापणं, वेल्डिंग मारणं असले उद्योग नकोत. शस्त्रात फेरबदल करायलाही परवाना लागतो, आणि संग्राहकाच्या दृष्टीने वेल्ड मारलेली १८५८ म्हणजे भंगार.

कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही आहेत. म्हणून 'ठासणीची म्हणजे खेळणं' हा समज काढून टाका. छर्रे भरले की ती आजही मारते.

मुलुंडचा_मुसाफिर

एक उपप्रश्न. एनसीसीच्या ड्रिल रायफली, डीपी लिहिलेल्या, चेंबरला भोक पाडलेल्या, त्या कधी कधी विकायला येतात. त्या तर चालत नाहीत ना?

बारूदखाना

डीपी म्हणजे ड्रिलसाठीची. भोक असतं, फायरिंग पिन कापलेली असते, लाकडावर पांढरे पट्टे. पण सांगाडा आणि बोल्ट ली-एनफिल्ड या थ्री-नॉट-थ्री लष्करी रायफलीचाच. नळी बदलली आणि दुसरा बोल्ट घातला की ती थ्री-नॉट-थ्रीच झाली. परत ते दुरुस्तीचं कलम. शिवाय ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याचा शिक्का असलेली सरकारी रायफल बाजारात आलीच कशी, हा प्रश्न पहिला विचारला जाईल. ईशापूरचीच सिंगल-शॉट .४१० मस्केट पोलिसांसाठी केलेली होती. तीही प्रतिबंधित वर्गात नावानिशी आहे. गुळगुळीत नळी बघून शॉटगन समजू नका.

गंजशत्रू

टॉवर कधी हातात आलीच तर मुंबईची हवा हाच तिचा खरा शत्रू. पावसाळ्यात घरातली आर्द्रता ८० च्या वर जाते, समुद्राजवळ हवेत मीठ असतं आणि मिठाचा गंज खोल खड्डे पाडतो. लोखंड आणि लाकूड एकत्र असलेल्या वस्तूला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता बरी. त्याखाली अक्रोडाचा दस्ता आक्रसून चिरतो, वर लोखंड गंजतं. डिजिटल हायग्रोमीटर कपाटात ठेवा, अंदाजाने चालू नका.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर, टीव्हीच्या वर. पावसात ती भिंत ओल धरते. आतली भिंत निवडा आणि बंदूक व भिंत यात दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवा. एसी दिवसा लावून रात्री बंद करून खिडकी उघडली की थंड लोखंडावर दव जमतं. एक तर सलग चालवा, नाहीतर त्या खोलीत लावूच नका. फोमच्या अस्तराची पेटी आणि रेक्झिनचं कव्हर फक्त प्रवासापुरतं. फोम ओल धरतो, कव्हरच्या आत रायफल घामेजते. जुना चामड्याचा पट्टा असेल तर सोडवून वेगळा ठेवा. चामड्यातलं आम्ल पितळेवर हिरवा थर चढवतं.

गंजात फरक करायचा. गडद तपकिरी, घट्ट, हाताला गुळगुळीत लागतो तो जुना थर, तोच तिचा चेहरा आहे, काढायचा नाही. नारिंगी, भुकटी होणारा तो जिवंत गंज. त्यावर हलकं मशीन ऑइल लावून काही तास मुरू द्या आणि शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरच्या स्टील वूलने, शक्यतो ब्रॉन्झ वूलने, न दाबता फिरवा. कापडावर नारिंगी यायचं थांबलं की थांबा. चमक यायला लागली म्हणजे तुम्ही पुढे गेलात. सँडपेपर, वायर ब्रश, गंज काढायचं ॲसिड, नवीन ब्लूइंग (निळसर-काळा रंग चढवणं), यातलं काहीही केलं तर ठशांच्या कडा जातात आणि त्याबरोबर किंमतही. कोफ्तगरीचं सोन्या-चांदीचं काम असेल तर स्टील वूलही नको.

पितळेला पितांबरी, चिंच, ब्रासो काही लावू नका. घासण्याने अक्षरं झिजतात आणि पावडर लाकडाच्या कडेत पांढरी होऊन बसते. जुन्या पितळेला अमोनियाने चिरा पडतात. मऊ कापड, फार तर थोडं व्हाइट स्पिरिट.

साफ झाल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेण. रेनेसाँ वॅक्स हे नाव ऐकलं असेल, ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं. लोखंड, पितळ, लाकूड तिन्हीला चालतं. नखाच्या टोकाएवढं घ्या, पातळ पसरवा, दहा मिनिटांनी कापडाने पुसा. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा पुरे. डब्ल्यूडी-४० हे पाणी हटवायला ठीक, पण ते उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो, त्यावर धूळ बसते. दस्त्याला अळशीचं तेल ओतू नका, मुंबईत ते आठवडाभर चिकटच राहतं आणि नंतर काळं पडतं.

नळीच्या आत तेलाचा हलका हात दिला तर बंदूक तोंड खाली करून ठेवा. दस्त्यावर उभी ठेवली की तेल मागे उतरतं, ब्रीचजवळच्या लाकडात मुरतं आणि लाकूड स्पंजासारखं मऊ होतं. जुन्या दस्त्यात लॉकच्या मागे काळा, नखाने दबणारा भाग दिसतो तो याचाच.

कपाटासाठी सिलिका जेल रंग बदलणारं घ्या. निळं गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशावर दोनेक तास. मायक्रोवेव्हमध्ये नाही, दाणे फुटतात. हात लावताना नायट्राइलचे हातमोजे घाला. घामातलं मीठ बोटांचे ठसे लोखंडात कायमचे कोरतं.

स्क्रू सोडवायची हौस आवरा. त्या खाचा आजच्या स्क्रूड्रायव्हरला बसत नाहीत, पाचरीसारखं पातं खाचेच्या वरच्या कडा सोलून काढतं. सोडवायचेच तर खाचेच्या रुंदीप्रमाणे पातं समांतर घासून घ्या, आधी तेल मुरवा. लॉक काढताना घोडा अर्ध्यावर हवा, पूर्ण खाली नाही. मोठी कमान वाईसशिवाय (दाबून धरायच्या शिकंज्याशिवाय) काढली की तुटते, नाहीतर उडून तोंडावर येते.

नाणेवेडा_दादर

मार्टिनीबद्दल वकिलाशी बोलतो आहे. टॉवरसाठी आयुक्तालयाला पत्र तयार करतोय, फोटो झाले. तोपर्यंत त्याच दुकानात एनफिल्डची संगीन आहे, ती तरी घेऊ का? तिला नळी नाही, दारू नाही.

वकीलबुवा

संगीन अनुसूचीत पाचव्या वर्गात नावाने लिहिलेली आहे, तलवार आणि भाल्याच्या पंक्तीत. या वर्गाला परवाना तेव्हाच लागतो जेव्हा कलम ४ खालची अधिसूचना त्या भागाला लागू असते. म्हणून त्याच पत्रात तिसरा प्रश्न म्हणून घाला. आणि सणासुदीच्या, निवडणुकीच्या काळात मुंबईत शस्त्रं घेऊन फिरण्यावर मनाईचे आदेश निघतात, तेव्हा परवाना लागत नसला तरी रस्त्यावरून नेणं अडचणीचं ठरू शकतं.

बारूदखाना

घेण्याआधी ती नक्की एनफिल्डची आहे का पाहा. पातं तिधारी, १७ इंच, आणि नळीवर घालायच्या तोंडाला फिरणारं कुलपाचं कडं हवं. कडं गंजून अडकलेलं असेल तर हातोडी मारू नका, तेलात दोन दिवस बुडवून ठेवलं की बहुतेक वेळा सुटतं. तोंडाच्या गळ्यावर रॅकचे (पलटणीतल्या बंदुकांच्या मांडणीतले) आकडे असतात, ते बंदुकीच्या दस्त्याच्या पितळी पट्टीवरच्या आकड्यांशी जुळवून बघा. जुळले तर पत्रात दोन्हींचे फोटो एकत्रच लावा.